जुन्या टॅब्लेटवरील खात्याची वारंवार होणारी अडवणूक : कारणे व उपाय

(तिसगाव, तालुका पाथर्डी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



प्राथमिक शाळेच्या दफ्तरात जनरल रजिस्टर, हजेरीपट, डेड स्टॉक रजिस्टर आणि कीर्द यांच्या शेजारी गेल्या दहाबारा वर्षांत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. ती वस्तू म्हणजे टॅब्लेट. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरण्यास प्रारंभ झाला. २०१७ च्या सप्टेंबरात ‘दीक्षा’ हे व्यासपीठ केंद्र शासनाने खुले केले, आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावरील क्यूआर कोड टिपून पाठाची चित्रफीत पाहण्याची सोय झाली. त्या उत्साहाच्या काळात लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या साहाय्याने व गावातील दात्यांच्या देणगीतून अनेक शाळांनी टॅब्लेट घेतले. आज त्यांतील पुष्कळसे टॅब्लेट जुने झाले आहेत. काच शाबूत असते, आवाज येतो, चित्र दिसते. परंतु खाते उघडावयास जावे तो ‘पुन्हा साइन इन करा’ असा निरोप येतो. पासवर्ड दिला की तो चुकीचा ठरतो, अथवा आज स्वीकारला जाऊन आठ दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. अखेर टॅब्लेट कपाटात जातो आणि ‘नादुरुस्त’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो.

तिसगावच्या परिसरात ही अडचण केवळ गैरसोयीची राहत नाही. पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी घर सोडतात. मूल आईबापांबरोबर निघाले, तर ज्या गावी फड पडेल तेथील शाळेला त्याचे नाव, इयत्ता आणि नोंदणीचा तपशील लागतो. निघण्याच्या दिवशी पालक शाळेच्या दाराशी उभा असतो, आणि मुकादमाचा ट्रॅक्टर रस्त्यावर खोळंबलेला असतो. त्या घटकेला खाते उघडले नाही, तर शिक्षकाचे काम उद्यावर जाते. मुलाचे शिक्षण मात्र कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत लांबणीवर पडू शकते. म्हणून हा विषय यंत्रज्ञावर सोपवून स्वस्थ बसण्यासारखा नाही. यातील दहांपैकी बहुतेक अडचणी शिक्षकाला स्वतः सोडविता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. क्रमाने विचार करण्याची सवय लागते, आणि ती शिक्षकाच्या अंगी असतेच.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. टॅब्लेटला एक कुलूप नसते, तीन असतात. पहिले कुलूप पडद्याचे. ते आकड्यांनी अथवा रेघ ओढून उघडते. दुसरे कुलूप टॅब्लेटवर नोंदविलेल्या गूगल खात्याचे. त्यावाचून नवी ॲप घेता येत नाहीत. तिसरे कुलूप ‘सरल’, ‘यूडायस प्लस’ यांसारख्या शासकीय संकेतस्थळांचे. त्यांचे सांकेतिक नाव व पासवर्ड सर्वस्वी निराळे असतात. तीन कुलपांच्या तीन किल्ल्या एकाच जुडग्यात असल्या, म्हणजे एका कुलपाला दुसऱ्याची किल्ली लावली जाते आणि कुलूप बिघडले असा समज होतो. अडचण आली की ती कोणत्या कुलपाची आहे हे आधी ठरवावे.

आता ‘पुन्हा पुन्हा साइन इन’ होण्याचे मर्म पाहू जाता, एस.टी.च्या मासिक पासाचा दाखला उपयोगी पडतो. विद्यार्थी प्रथम आगारात शाळेचा दाखला देतो, आणि आगार त्याला पास देते. त्यानंतर वाहक रोज दाखला मागत नाही. पास पाहतो आणि पुढे जातो. टॅब्लेटचेही तसेच आहे. एकदा पासवर्ड दिला की दूरच्या संगणकाकडून टॅब्लेटला एक पास मिळतो आणि पुढे तोच दाखविला जातो. हा पास काही प्रसंगी रद्द होतो. कोणी दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलला, खात्याला संशयास्पद हालचाल जाणवली, अथवा टॅब्लेटमधील जागा भरून गेल्यामुळे पासाची नोंद नीट जपली गेली नाही, तर टॅब्लेट पुन्हा दाराशी उभा राहतो. एकाच शाळेचे एकच खाते चार शिक्षकांच्या मोबाईलवर असेल आणि त्यांतील एकाने ‘विसरलो’ म्हणून पासवर्ड बदलला, तर उरलेल्या ठिकाणी तक्रार उद्भवते. मग दुसरा शिक्षक आपल्यापरीने पासवर्ड बदलतो आणि पहिल्याची पंचाईत होते. अनेक शाळांतील ‘वारंवार येणारा दोष’ हा यंत्राचा नसून अशा परस्परांस न कळविता केलेल्या बदलांचा असतो.

दुसरे मर्म ओळखपत्राचे आहे. टॅब्लेट ज्या संगणकाशी बोलतो तो खरोखर तोच आहे याची खात्री तो एका प्रमाणपत्रावरून करून घेतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बँकखात्याचा व्यवहार येथे आठवावा. धनादेशावरील सही बँक आपल्याजवळच्या नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहते. मुख्याध्यापक बदलले आणि नवा नमुना बँकेत पोहोचला नाही, तर सही खरी असूनही धनादेश परत येतो. टॅब्लेटमध्येही विश्वासार्ह प्रमाणकर्त्या संस्थांच्या नमुन्यांची एक यादी असते. टॅब्लेट जुना, तर यादीही जुनी. नव्या संस्थेची सही खरी असूनही त्याला ती ओळखू येत नाही.

याचे एक मोठे उदाहरण अलीकडेच घडले. जगातील असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची संस्था आहे. तिची स्वतःची सही अँड्रॉइड ७.१.१ च्या पूर्वीच्या यंत्रांना ठाऊक नव्हती. २०२० च्या नोव्हेंबरात त्या संस्थेने जाहीर केले की, अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांपैकी ३३.८ टक्के यंत्रे ७.१ पूर्वीच्या आवृत्तीची आहेत. दुसऱ्या एका जुन्या संस्थेची सही सोबत जोडून ही अडचण काही काळ पुढे ढकलण्यात आली. ती मुदतही २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. तेव्हा कालपर्यंत उघडणारे एखादे संकेतस्थळ जुन्या टॅब्लेटवर अचानक उघडेनासे झाले, तर त्यात शिक्षकाचा किंवा गावच्या मनोऱ्याचा दोष असेलच असे नाही.

ही दोन मर्मे ध्यानी घेतल्यावर तपासणीचा क्रम सांगता येतो. हा क्रम सोप्याकडून कठीणाकडे आणि निर्धोक उपायाकडून जोखमीच्या उपायाकडे जातो. तो मोडू नये.

पहिली पायरी निरोप वाचण्याची. पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी वहीत उतरवावी, पुढे तारीख व वेळ घालावी. ‘पासवर्ड चुकीचा’, ‘संपर्क होऊ शकत नाही’ आणि ‘हे यंत्र चालणार नाही’ हे तीन निराळे निरोप आहेत आणि त्यांचे उपायही निराळे आहेत. ‘टॅब्लेट चालत नाही’ एवढ्यावरून कोणाही जाणकाराला मदत करता येत नाही; ‘पोट दुखते’ एवढ्यावरून वैद्यालाही औषध देता येत नाही.

दुसरी पायरी घड्याळाची. ही पायरी सर्वांत सोपी असूनही सर्वांत अधिक वेळा विसरली जाते. उन्हाळ्याच्या सुटीत टॅब्लेट कपाटात पडून राहतो आणि बॅटरी पूर्ण उतरते. जूनमध्ये तो चालू केला की पुष्कळ यंत्रांचे घड्याळ मूळपदावर गेलेले असते. या यंत्रांची कालगणना १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, मोजली जाते. म्हणून भारतात ते कधीकधी त्या दिवसाची पहाटे साडेपाचची वेळ दाखवितात. काही यंत्रे ती बनली त्या वर्षाची तारीख दाखवितात. प्रत्येक प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरीची तारीख असते. २०२० च्या सप्टेंबरपासून नव्या प्रमाणपत्राची मुदत ३९८ दिवसांहून अधिक असू नये असे ठरले, आणि ती मुदत पुढे आणखी कमी करीत नेण्याचेही ठरले आहे. टॅब्लेट जर १९७० सालात वावरत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अद्याप जन्मालाच आलेले नसते. तो संपर्क नाकारतो, आणि शिक्षक पासवर्ड बदलीत बसतो. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख, वेळ, वर्ष आणि भारतीय प्रमाणवेळ पाहावी. वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करावी. ज्या टॅब्लेटला सिमकार्ड नाही व नेटही लागत नाही, तेथे वेळ प्रथम हाताने लावावी. दर ३० सेकंदांनी बदलणारे सांकेतिक आकडे देणारे ॲप जेथे वापरात आहे, तेथे तर काही मिनिटांची चूकही आकडे खोटे ठरविते.

तिसरी पायरी संपर्काची. मोबाईलच्या हॉटस्पॉटचे चिन्ह दिसते म्हणजे नेट चालते असे नव्हे. एखादे साधे संकेतस्थळ उघडून पाहावे. दिवसाचा डेटा संपला असल्यास संपर्क असल्यासारखा दिसतो, काम मात्र होत नाही. शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून एकदा पाहावे.

चौथी पायरी लेखनाची. मराठी कळफलक चालू असताना लिहिलेला ‘५’ आणि इंग्रजी कळफलकावरचा पाचाचा आकडा वाचणाऱ्याला एकच वाटतात. यंत्राला ती दोन भिन्न अक्षरे आहेत. तसेच पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत उमटणे आणि शब्दसूचनेवर बोट ठेवल्यास शेवटी अदृश्य मोकळी जागा पडणे, या दोन गोष्टींनीही बरोबर पासवर्ड चुकतो. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून लिहिलेले वाचून पाहावे. दोनतीन प्रयत्न फसल्यास थांबावे. एकसारखे प्रयत्न केल्यास खाते काही काळ स्वतःलाच बंद करून घेते, आणि मग खरा पासवर्डही चालत नाही.

पाचवी पायरी परीक्षेची. साऱ्या तपासणीचा कणा हीच होय. तेच खाते, तोच पासवर्ड, दुसऱ्या नव्या मोबाईलवर उघडून पाहावे. तेथे उघडले, तर खाते निर्दोष व टॅब्लेट सदोष. तेथेही उघडले नाही, तर टॅब्लेट निर्दोष व खाते सदोष. विज्ञानाच्या पाठात कुंडीतल्या दोन रोपांपैकी एकालाच पाणी देऊन मुलांना कारण शोधावयास लावतात, तीच ही रीत आहे. या एका प्रयोगाने निम्मे श्रम वाचतात. प्रयोग झाल्यावर त्या मोबाईलवरून खाते काढून टाकण्यास विसरू नये.

दोष टॅब्लेटचा ठरल्यास सहावी पायरी. साठवणुकीची जागा तपासावी. जुन्या स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींनी ती भरलेली असते. त्या संगणकावर अथवा मेमरी कार्डावर हलवून जागा मोकळी करावी. टॅब्लेट एकदा बंद करून चालू करावा. गूगल प्ले सर्व्हिसेस व प्ले स्टोअर यांचा ‘कॅशे’, म्हणजे तात्पुरता साठा, पुसावा. यंत्राची आणि प्ले सर्व्हिसेसची अद्ययावत आवृत्ती मिळत असेल तर घ्यावी. एवढ्याने भागले नाही, तरच खाते टॅब्लेटवरून काढून पुन्हा जोडावे. परंतु त्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री हवी : पासवर्ड निश्चित ठाऊक आहे, आणि केवळ टॅब्लेटवरच असलेली छायाचित्रे व नोंदी अन्यत्र उतरवून घेतल्या आहेत.

सातवी व शेवटची पायरी ‘फॅक्टरी रीसेट’ची, म्हणजे टॅब्लेट कोरा करण्याची. येथे विशेष सावधगिरीची सूचना आहे. दुकानातून आणलेल्या स्थितीत टॅब्लेट नेला की सर्व दोष जातील, अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, चोरीला आळा घालणारी एक तजवीज त्यात आली. कोरा केलेला टॅब्लेट पूर्वीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत काहीएक काम करू देत नाही. ज्या शिक्षकाच्या नावे खाते होते ते बदलून गेले व पासवर्ड कोणास आठवत नाही, अशा शाळेने हा उपाय केला की अडखळत चालणारे यंत्र कायमचे मिटून बसते. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर निदान एक दिवस जाऊ द्यावा आणि मगच हा उपाय योजावा.

काही यंत्रांना मात्र उपाय नाही, आणि ते ओळखणे हाही तपासणीचाच भाग आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचा मोठा समारंभ झाला. तो अँड्रॉइड २.२ वर चालत असे. पुढील वर्षी ‘आकाश २’ आला. त्याच्या प्रसारात मुंबईच्या आयआयटीचा वाटा होता, आणि तो अँड्रॉइड ४.० वर चालत असे. गूगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून अँड्रॉइड २.३.७ व त्यापूर्वीच्या यंत्रांवर खाते उघडण्यास मनाई केली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, अशा यंत्रावर ‘आवृत्ती जुनी आहे’ असे सरळ न सांगता नाव अथवा पासवर्ड चुकल्याचा निरोप येऊ शकतो, मग पासवर्ड कितीही अचूक असो. अँड्रॉइड ४.१ ते ४.३ यांना प्ले सर्व्हिसेसची नवी आवृत्ती देणे २०२१ साली थांबले, ४.४ ला देणे २०२३ साली थांबले. ईमेलच्या जुन्या ॲपचीही अशीच गत आहे. केवळ नाव व पासवर्ड घेऊन गूगलचे टपाल उघडणाऱ्या ॲपना वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंदी झाली. अशा ठिकाणी रोज नवा पासवर्ड करीत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती पाहावी, ती डेड स्टॉक रजिस्टरात टॅब्लेटच्या नावापुढे लिहून ठेवावी, आणि निर्णय घ्यावा.

तथापि खात्यास मुकलेला टॅब्लेट निरुपयोगी होत नाही. गोष्टी, कविता, पाढे यांच्या ध्वनिफिती, नकाशे, चित्रे व पुस्तकांच्या पीडीएफ प्रती मेमरी कार्डावर घालून तो वाचनकोपऱ्यात ठेवता येतो. मूल खाते मागत नाही. ते गोष्ट मागते. विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम मात्र अशा यंत्रावर करू नये, कारण ज्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही त्या यंत्रावर मुलांची जन्मतारीख व आधार क्रमांक ठेवणे योग्य नव्हे. मुलांच्या माहितीची जपणूक हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचाही विषय आहे.

आता दोष खात्याचा ठरला, तर काय? येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही. तो कार्यभाराचा होतो. बहुतेक शाळांचे खाते कोणा एका उत्साही शिक्षकाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर उघडलेले असते. त्यांची बदली होते, टॅब्लेट शाळेत राहतो, ओटीपी मात्र दुसऱ्या तालुक्यात वाजतो. ते सज्जन असतात, दूरध्वनीवर आकडे सांगतात. परंतु ते तासावर असतील अथवा त्यांच्या गावी रेंज नसेल, तर येथील काम अडते. त्यांनी तो क्रमांक सोडून दिला असेल, तर अडचण अधिक गंभीर होते. बंद झालेला मोबाईल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो, आणि मग शाळेच्या खात्याची किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात जाते. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. ही कारवाई २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू झालेली आहे.

यासाठी प्रत्येक शाळेने पुढील व्यवस्था करावी. खाते शाळेच्या नावे असावे. पुनर्प्राप्तीचा क्रमांक मुख्याध्यापकांचा असावा, आणि पुनर्प्राप्तीचा ईमेल दुसऱ्या एका शिक्षकाचा असावा. दुहेरी पडताळणी चालू केल्यावर गूगल दहा राखीव संकेतांक देते. प्रत्येक संकेतांक आठ आकडी असून एकदाच चालतो. रेंज नसलेल्या वाडीवस्तीवरील शाळेला हे संकेतांक फार मोलाचे आहेत. ते कागदावर उतरवून, पासवर्डसह पाकिटात मोहोरबंद करून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत. टॅब्लेटच्या पाठीवर पासवर्डची चिठ्ठी चिकटविण्याची रीत तात्काळ बंद करावी. पासवर्ड बदलल्यास त्याच दिवशी पाकीट बदलावे आणि सहकाऱ्यांस सांगावे. बदलीच्या वेळी चार्ज यादीत जनरल रजिस्टर व शिक्के यांच्याप्रमाणे ‘टॅब्लेटचे खाते, पुनर्प्राप्तीचा क्रमांक बदलून दिला’ अशी एक स्वतंत्र ओळ असावी, आणि देणाराघेणाऱ्यांनी प्रत्यक्ष खाते उघडून पाहिल्यावरच तिच्यापुढे सही करावी.

खाते अडले असता इंटरनेटवर सापडलेल्या ‘मदत केंद्राच्या’ क्रमांकावर फोन करण्याचा मोह होतो. तो टाळावा. खरी कंपनी कोणाकडे फोनवर ओटीपी मागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. संकोचाने घालविलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

सुटीतील जपणुकीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून टॅब्लेट ठेवू नये. सुमारे निम्मी भरून, बंद करून, उन्हापासून दूर ठेवावा. सुटीत ध्वजवंदनासाठी अथवा निकालासाठी शाळा उघडेल त्या दिवशी तो एकदा चार्ज करावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा भरण्यापूर्वी, घड्याळ व खाते तपासून वहीत नोंद करावी.

या वहीचे महत्त्व मोठे आहे. तारीख, निरोप, केलेला उपाय आणि परिणाम असे चार रकाने पुरेत. वर्षभराची अशी वही हाती असली, म्हणजे दोष दर जूनला येतो की दर बदलीनंतर येतो, हे आपोआप दिसू लागते. एका शाळेला सापडलेला उपाय केंद्रातील शिक्षण परिषदेत वाचून दाखविला, तर शेजारच्या दहा शाळांचे श्रम वाचतील. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत यंत्र दुरुस्त करावयास नगरहून करंजीचा घाट चढून कोणी येणार नाही. तेथील जाणकार तेथील शिक्षकच होय. दिवाळीपूर्वी एकदा, फडावर निघणारी कुटुंबे दाराशी येण्याच्या आधी, प्रत्येक शाळेने आपले खाते उघडून पाहावे, एवढीच विनंती.